लोकांना कायदा शिकवताना विद्यार्थी स्वतः नेमकं काय शिकतात?

तिसरा बाक

कायद्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा आम्हाला एक ऐच्छिक विषय घेता येतो: शाळांत, वस्त्यांत, ज्येष्ठांच्या मंडळांत जाऊन कायद्यावर सत्रं घ्यायची, आणि त्याला गुण. वर्गात सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, समाजसेवा म्हणून ठीक, पण वकिलीच्या दृष्टीने वेळ वाया. त्यापेक्षा मूट कोर्ट, म्हणजे सरावाचे लुटुपुटूचे खटले करा, नाहीतर एखाद्या वकिलांकडे उमेदवारी करा. दुसरा म्हणतो, शिकवल्याशिवाय कायदा कळतच नाही. एका मित्राने तर आकडाच फेकला: ऐकलेलं ५ टक्के लक्षात राहतं, वाचलेलं १० टक्के आणि शिकवलेलं ९० टक्के.

लोकांचा फायदा होतो की नाही हा वाद मला इथे नकोय. शिकवणाऱ्याच्या पदरात काय पडतं, एवढंच विचारायचंय. ज्यांनी केलंय, करवून घेतलंय किंवा समोर बसून ऐकलंय, त्यांनी लिहा.

मेंदूची मशागत

आधी तो ९० टक्क्यांचा आकडा केराच्या टोपलीत टाका. तो ज्या सुप्रसिद्ध 'शिक्षणाच्या पिरॅमिड'मधून येतो, त्याला संशोधनाचा आधार नाही. अमेरिकेतल्या ज्या प्रशिक्षण संस्थेच्या नावावर तो खपवला जातो, तिलाही मूळ अभ्यास दाखवता आलेला नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू मांडला होता, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती मागाहून कुणीतरी चिकटवली. असे गुळगुळीत आकडे दिसले की शंका यायलाच हवी.

मात्र आकडा बोगस म्हणून मुद्दाही बोगस, असं नाही. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक धडा अभ्यासायला दिला. मग काहींनी तो टिपणं हातात न घेता शिकवला, काहींनी तयार मजकूर बघून शिकवला, काहींनी कुणालाच न शिकवता फक्त आठवून काढला, आणि काहींना गणितं सोडवायला बसवलं. आठवड्याने चाचणी घेतली. टिपणांशिवाय शिकवणारे पुढे होते. नुसतं आठवणारेही त्यांच्या बरोबरीने होते. आणि तयार मजकूर हातात धरून शिकवणारे? गणितं सोडवणाऱ्यांपेक्षा काही वेगळे ठरले नाहीत.

म्हणजे फायदा 'शिकवण्या'तल्या पुण्याईचा नाही. डोक्यातून माल बाहेर काढावा लागतो, त्याचा आहे. तेव्हा तुमच्या विषयात सत्र म्हणजे स्लाइड वाचून दाखवणं असेल, तर पहिल्या तटाचं बरोबर आहे.

उलटतपासणी

मी वकिली करतो, आणि पहिल्या तटात आहे. आठवून काढायचंच असेल तर घरी बसून आठवा की! त्यासाठी चाळीस माणसं कशाला गोळा करायची?

खडूफळा

उलटतपासणी, माणसं का लागतात त्याचंच उत्तर देते. मी हा विषय शिकवते, आणि मुलांबरोबर सत्रांना जाऊन मागे बसते. लांबेल, पण एक प्रसंग तपशिलात सांगते.

विषय होता पैशांचे व्यवहार. सत्र घेणारा मुलगा करार कायद्यात वर्गात पहिला. त्याने रीतसर मांडणी केली: प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, आणि करार दर वेळी लेखीच हवा असं नाही, काही अपवाद सोडले तर तोंडी करारही बांधील असतो. सगळं बरोबर. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, ''मी दिराला धंद्यासाठी पैसे दिले. घरातलाच माणूस, म्हणून कागद केला नाही. आता तो म्हणतो, ती वहिनीने केलेली मदत होती, उसने नव्हतेच. मग?''

मुलगा म्हणाला, ''तोंडी करार वैध असतो.''

''ते कळलं हो. पण मी म्हणते उसने, तो म्हणतो मदत. न्यायाधीश माझंच का ऐकतील?''

मुलगा जरा थांबला. पैसे बँकेतून दिले होते का, असं त्याने विचारलं. हो, बँकेतूनच. मग बँकेची नोंद हा पुरावा झाला, असं तो म्हणाला. त्यावर शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ''अहो, पैसे घेतले हे तो नाकारतोय कुठे? कशासाठी घेतले, त्यावर भांडण आहे ना!''

वादाचा मुद्दा कोणता आणि निर्विवाद गोष्ट कोणती, हे पुराव्याच्या कायद्याचं पहिलं पाऊल. ते त्या गृहस्थांनी एका वाक्यात टाकलं. मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. उसने होते हे सिद्ध कोणी करायचं? फोनवरचे संदेश चालतात का? मध्यंतरी त्याने थोडे परत केले होते, त्याला काही अर्थ आहे का? दावा किती वर्षांत लावायचा? आणि जिंकलो, पण त्याच्याकडे द्यायला काहीच नसलं तर?

आता गंमत बघा. आमच्याकडे हे प्रश्न वेगवेगळ्या पेपरांत विभागलेले असतात. करार पहिल्या वर्षी, पुरावा नंतर कधीतरी, दिवाणी कार्यपद्धती आणि मुदत वेगळ्या सत्रात, आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी, म्हणजे जिंकलेला निकाल प्रत्यक्ष वसूल करणं, हा तर परीक्षेला सोडून द्यायचा भाग. बाईंचं भांडण मात्र एकच होतं. थोडी परतफेड झालेली असणं हे उसनवारीकडे बोट दाखवतं, आणि अनेक कायदेव्यवस्थांत त्यामुळे मुदतही नव्याने मोजली जाऊ शकते. एकच घटना पुराव्यालाही लागू आणि मुदतीलाही. या दोन्ही गोष्टी त्या मुलाला पाठ होत्या, पण वेगवेगळ्या वह्यांत. त्या एकाच माणसाच्या एकाच व्यवहारात येऊन भेटतात, हे घरी बसून आठवताना त्याला कसं सुचलं असतं? आपण आठवतो ते पेपराच्या चौकटीतच. चौकट मोडायला बाहेरचा माणूस लागतो, ज्याला ती चौकट आहे हेच ठाऊक नाही.

पुढच्या सत्रात त्याने प्रस्ताव-स्वीकृती फेकून दिलं आणि थेट भांडणापासून सुरुवात केली.

उलटतपासणी

प्रसंग छान सांगितलात. पण बाईंचं काय झालं? मुलगा शिकला, चौकटी मोडल्या, आनंद आहे. त्या बाई घरी गेल्या 'कायदेवाले सर म्हणाले, तोंडी चालतं' एवढं घेऊन. उद्या मुदत उलटल्यावर त्या माझ्याकडे येणार. डॉक्टरकीची मुलं रुग्णावर हात साफ करतात तेव्हा शेजारी वरिष्ठ उभा असतो. इथे कोण असतो? लोकांच्या जिवावर सराव हा प्रकार मला पटत नाही.

आणि भांडण जसंच्या तसं बघायचं असेल तर वकिलाच्या कचेरीत बसा.

खडूफळा

रास्त आक्षेप आहे. म्हणून तर मी मागे बसते. आमच्याकडे एक रेषा पक्की आखलेली आहे: कायदा काय आहे ते सांगायचं, तुम्ही काय करा ते सांगायचं नाही. वकिलीची सनद नसलेल्याने सल्ला देण्यावर बहुतेक देशांत बंधनं आहेत, पण तेवढंच कारण नाही. सत्रात आपण एकच बाजू ऐकलेली असते. दीर तिथे नव्हता. कागद कुणी पाहिलेले नाहीत. त्यामुळे कुणी स्वतःची गोष्ट सांगायला लागलं की मुलांनी तिथल्या तिथे ती 'समजा, अ ने ब ला पैसे दिले' अशी करून घ्यायची. ज्याची गोष्ट त्याला सत्रानंतर बाजूला घेऊन विधी सहाय्य कुठे मिळतं ते सांगायचं, आणि मुदतीचा प्रश्न असेल तर 'उशीर करू नका' हे स्पष्ट बजावायचं. बाईंना त्याच दिवशी तसं पाठवलं होतं.

ही रेषा सांभाळणं मुलांना फार जड जातं. समोरचा माणूस अडचणीत असतो आणि आपल्याला उत्तर येतंय असं वाटत असतं. तेव्हा तोंड आवरणं, 'हे बघून सांगतो' म्हणणं आणि खरोखर बघून कळवणं. हा व्यवसायाचा धडा कुठल्या पेपरात आहे, सांगा.

कचेरीबद्दल म्हणाल, तर तिथे उमेदवाराच्या हाती येते ती नस्ती, म्हणजे प्रकरणाची तयार फाइल. अशील तुमच्याशी बोललेला असतो, गरजेचं काय, बिनगरजेचं काय, हे तुम्ही चाळून झालेलं असतं. सत्रात गोष्ट येते ती न चाळलेली. चाळायचं कसं हेच तर शिकायचंय.

उलटतपासणी

नस्तीचा मुद्दा मान्य. आणखी एक कबूल करतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअरांना निवाडे तोंडपाठ असतात, पण तारीख का पडली, हे अशिलाला चार वाक्यांत सांगता येत नाही. अशील माझ्याकडे येऊन पुन्हा तेच विचारतो. बाकी माझा आक्षेप कायम. पहिली दोन-चार सत्रं तरी शिक्षक हजर असल्याशिवाय होता कामा नयेत.

वर्गाबाहेर

मी शाळेत शिकवते. आमच्या आठवी-नववीच्या वर्गांवर कायद्याची मुलं येतात. मोठी माणसं निदान भिडस्त तरी असतात. आमची पोरं नसतात.

'आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही' असं एका विद्यार्थिनीने सांगितलं. लगेच एक मुलगा म्हणाला, ''का? त्यानेच तर बघितलंय काय झालं ते! त्यालाच विचारायला पाहिजे.'' तिने कायद्यात तसं लिहिलंय म्हणून सांगितलं. आठवीच्या वर्गात 'असं लिहिलंय' हे कारण चालत नाही, त्यांच्या दृष्टीने कुणीतरी चुकीचं लिहिलंय. मग तिला खरी कारणं काढावी लागली: बोलायला भाग पाडायची सोय असली तर मारून बोलतं करायचा मोह होतो, मारून घेतलेली कबुली खरी असेलच असं नाही, आणि दोष शाबीत करायचं ओझं आरोप करणाऱ्यावर असतं. मुलगा म्हणाला, ''पण मग खरा चोर सुटेल.'' ती म्हणाली, ''कधीकधी सुटेल.'' वर्गात गलका. तिथून पुढे खरा तास सुरू झाला. निर्दोष आत गेलेला जास्त वाईट की दोषी बाहेर राहिलेला, यावर पोरांनी भिंतीच्या दोन टोकांना उभं राहून वाद घातला, काही जण मध्येच घुटमळले, दोघं वाद ऐकून इकडून तिकडे गेले.

नंतर ती मला म्हणाली की हे तत्त्व तिने परीक्षेत कित्येकदा लिहिलंय, पण ते नसतं तर काय झालं असतं याचा विचार कधी केला नव्हता. तुमच्या वर्गांत 'काय' विचारतात, आमच्यात 'का' विचारतात, एवढाच फरक.

मेंदूची मशागत

वर्गाबाहेर, तुमच्या त्या विद्यार्थिनीला जे झालं त्यावर अभ्यास आहे. २००२ मध्ये येलच्या रोझेनब्लिट आणि कील यांनी लोकांना विचारलं, कुलूप, कपड्याची चेन, फ्लशची टाकी कशी चालते हे तुम्हाला कितपत कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग म्हणाले, आता पायरीपायरीने समजावून लिहा. लिहून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला सांगितलं, तर गुण घसरले. समजावायला बसेपर्यंत आपल्याला कळत नाही हेच कळत नाही.

आणि उलट बाजूही आहे, जी शिकवणाऱ्याला छळते. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डला केलेल्या प्रयोगात काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवला, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं सुरू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. कायद्याच्या विद्यार्थ्याचं तोंड उघडलं की बहुतेकदा ही टकटकच बाहेर पडते, आणि समोरचा मान डोलावतो. मान डोलावणं याला आकलन समजू नका.

सहज श्रोता

मान डोलावणाऱ्यांपैकी एक हजर आहे. :)

मी दोन प्रकारची सत्रं ऐकलीत. एकात मोठा फलक, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं, मग एका मुलाने कलमांचे क्रमांक वाचले, मग सामूहिक फोटो. क्रमांक एकही आठवत नाही आणि त्यालाही आठवत नसणार. दुसऱ्यात आम्हाला लहान गटांत बसवून एक भाडेकरार हातात दिला आणि विचारलं, यात तुम्हाला कुठलं कलम नडेल ते शोधा. आमच्या गटाने शोधलेलं एक कलम त्या मुलांनी स्वतः पाहिलंच नव्हतं: सूचना 'लेखी' द्यायची, पण कुठल्या पत्त्यावर, हे करारात कुठेच नव्हतं. दोघंही विद्यार्थी करारावर वाकून बसले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की यांनाही आमची गरज आहे.

जुनी नस्ती

थोडा इतिहास, कारण ही कल्पना आजची नाही. हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी १८७० मध्ये निवाड्यांवरून कायदा शिकवायची पद्धत आणली आणि ती जगभर रुजली. त्यात कायदा दिसतो तो अपिलाच्या निकालात, म्हणजे माणसं निघून गेल्यावर जे उरतं त्यात. अमेरिकन कायदेतज्ज्ञ जेरोम फ्रँक यांनी १९३३ मध्ये यावर झोड उठवली आणि वैद्यकीय शिक्षणासारखी चिकित्सालयं, म्हणजे विद्यार्थी खऱ्या माणसांची प्रकरणं हाताळून शिकतील अशी केंद्रं, कायद्याच्या शाळांत का नसावीत, असं विचारलं.

लोकांना शिकवण्याची धारा त्यातूनच पुढे फुटली. १९७२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी शहरातल्या सरकारी माध्यमिक शाळांत रोजच्या जगण्यातला कायदा शिकवायला सुरुवात केली. तेच 'स्ट्रीट लॉ'. त्यांच्यातले एड ओब्रायन पुढे आयुष्यभर हेच करत राहिले. १९८०च्या दशकाच्या मध्यात डेव्हिड मॅक्कॉइड-मेसन यांच्या पुढाकाराने ते दक्षिण आफ्रिकेत, दरबानच्या विद्यापीठात पोहोचलं. आता तिथली अडचण बघा. वर्णभेदाचं राज्य, कायदाच अन्यायाचा. तिथे 'कायदा काय आहे' एवढंच सांगणारा विद्यार्थी लोकांच्या नजरेत सरकारचा माणूस ठरणार. त्यामुळे 'कायदा असा आहे' आणि 'कायदा असा असायला हवा' हे दोन्ही बोलल्याशिवाय सत्र पुढे सरकणंच शक्य नव्हतं.

भारतात विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात लोकांमध्ये कायद्याची साक्षरता पसरवणं हे प्राधिकरणाचं काम म्हणूनच लिहिलंय. त्यातून होणारी शिबिरं सहज श्रोत्यांनी सांगितलेल्या पहिल्या प्रकारची की दुसऱ्या, ते ज्याने त्याने आठवावं.

तिसरा बाक

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आता माझा कल विषय घेण्याकडे आहे. खडूफळा मॅडम, दोन व्यावहारिक शंका. याला गुण कशावरून देता? नाहीतर ती दीपप्रज्वलनवाली सत्रंच भरघोस गुण घेऊन जायची. आणि सुरुवात कुठल्या विषयाने करावी? मी 'मूलभूत हक्क' ठरवत होतो.

खडूफळा

उपस्थिती, फोटो, प्रमाणपत्रं यांना शून्य गुण. आराखड्याला थोडे: पन्नास मिनिटांत श्रोते किती वेळ बोलणार, हे मी आधी बघते, निम्म्यापेक्षा कमी असेल तर आराखडा परत. प्रत्यक्ष सत्राला थोडे. सगळ्यात जास्त गुण वहीला. प्रत्येक सत्रात उत्तर न देता आलेले किंवा अर्धवट दिलेले प्रश्न त्या वहीत उतरवायचे, मग त्यांची उत्तरं शोधून, आधारासह, लोकांना कळेल अशा भाषेत लिहून परत न्यायची. वही रिकामी असेल तर माझा अंदाज असतो की मुलाने प्रश्न येऊच दिले नाहीत.

परीक्षेत पाठ करून गुण मिळवणारी काही मुलं यात मागे पडतात आणि चिडतात. पडू देत.

विषयाबद्दल सांगायचं तर 'मूलभूत हक्क' नको. तो इतका मोठा आहे की भाषण झाल्याशिवाय राहत नाही. आणि मुळात तुम्ही ठरवूच नका. आठवडाभर आधी जाऊन त्यांना विचारा की गेल्या वर्षात कुठल्या कागदावर सही करताना भीती वाटली.

उलटतपासणी

हे विचारणं बेस्ट. मी अशिलांना विचारून पाहणार आहे.

तिसरा बाक, माझ्याकडून भर: काहीही घ्या, पण त्यात मुदत हा भाग आणाच. लोक हक्क गमावतात ते बहुतेक वेळा हक्क नसल्यामुळे नाही, उशिरा आल्यामुळे. आणि कायद्याच्या मुलांना हा विषय रटाळ वाटतो, म्हणून त्यांचाही तोच कच्चा असतो.

तिसरा बाक

नोंद केली, सर. शेवटचं: आम्ही दोघं मिळून सत्र घेतलं तर चालेल का? एकटा उभा राहिलो तर प्रश्न आल्यावर गडबडून जाईन असं वाटतं.

खडूफळा

दोघांनीच घ्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मागे बसून लोकांचे प्रश्न जसेच्या तसे लिहून घ्यायचे. 'संविदेच्या अस्तित्वाबाबत शंका' असं लिहाल तर वही परत येईल. 'न्यायाधीश माझंच का ऐकतील' असंच लिहा. पुढच्या सत्राला अदलाबदल करा.